मेल्यानंतर एकदा हसावे

सर्वांच्या अंतर्यामी वसणाऱ्या आणि कोणाच्याही अभिनयाला न भुलणाऱ्या परमेश्वरास वंदन करून मी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा नट, विशेष कौशल्य मरणे. चित्रपट आणि मालिकांच्या दुनियेत मला 'मरणमास्तर' म्हणतात. त्या नावाची मी कधी लाज धरली नाही. पुष्कळांना जगण्याचे कामही इतके नीट जमत नाही.

माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण ताजे आहे, आणि कोणाच्याही दडपणाखाली, भुलावणीखाली अगर दिग्दर्शनाखाली मी हे लिहीत नाही. शेवटचा शब्द मुद्दाम घातला आहे. माझी आजवरची सर्व मरणे दुसऱ्याच्या दिग्दर्शनाखाली झाली. एक तरी माझ्या मताने व्हावे, एवढीच या कागदाची महत्त्वाकांक्षा आहे.

आमच्या डॉक्टरांनी मला तपासून शुद्धीचा दाखला दिला आहे. तपासताना थोडा घोटाळा झाला, तोही नमूद करतो. उताणा झोपलो की माझा श्वास आपोआप थांबतो. हा रोग नव्हे, सवय आहे. प्रेताची छाती हलली तर सगळ्यांना पुन्हा रडावे लागते. डॉक्टरांनी नळी छातीला लावली आणि त्यांचाच चेहरा उतरला. मग माझ्या पापणीची हालचाल दिसली तेव्हा म्हणाले, "मास्तर, श्वास घ्या हो. इथे कॅमेरा नाही."

किती वेळा मेलो याची मोजदाद मी ठेवलेली नाही. पुण्य मोजले की त्याचा क्षय होतो असे जुनी माणसे म्हणत. मरणाचेही तसेच असावे. चित्रपटांत मी प्रामाणिक पोलीस अधिकारी झालो, विधुर पिता झालो, इमानी नोकर झालो, आणि या तिघांनाही मध्यंतरापलीकडे आयुष्य नसते. सज्जन लवकर जातात असे शास्त्रकारांनी कोठेही म्हटलेले नाही. ते पटकथाकारांनी ठरवले आहे. मालिकांत उलटे. तेथे मरणास प्रेक्षकसंख्येची मंजुरी लागते. एका मालिकेत मी नाकात नळी घालून इतका काळ पडून होतो की माझ्या उशाशी रडणारी सून दरम्यान दोनदा बदलली. दुसऱ्या मालिकेत मी मुलीच्या लग्नासाठी रजा मागितली, तर लेखकाने मला जिन्यावरून खाली ढकलले. रजा संपवून परत गेलो तेव्हा मृताचा जुळा भाऊ म्हणून मला रुजू करून घेतले. कर्माचा सिद्धांत मी तरुणपणी पोथीत वाचला होता. कळला तो त्या जिन्यावर.

आता आमच्या धंद्यातील एक रीत सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. मरणाचा प्रसंग चित्रित झाला की कॅमेरा बंद करण्यापूर्वी मेलेल्याने भिंगाकडे पाहून एकदा हसायचे. तो तुकडा नंतर कापून टाकतात. प्रेक्षकांना तो दिसत नाही. पण हसल्यावाचून मेलेल्याने उठायचे नाही. पडद्यावरचे मरण माणसामागे घरी येऊ नये, म्हणून ही तजवीज. या रीतीला शास्त्राधार आहे का, हे मी पुष्कळ धुंडाळले. नाही. पण जी रीत कोणाचे वाकडे करीत नाही, तिच्याकडे शास्त्राचा दाखला मागू नये, असे माझे मत आहे.

माझी दिवंगत पत्नी या रीतीची माझ्याहून पक्की होती. मरून आलो की दार अर्धेच उघडायची.

"हसलात का?"

"हसलो."

"मग या आत."

एकदा मालिकेच्या गडबडीत ते राहून गेले. मी मरताच वीज गेली आणि मंडळींनी सामान आवरले. दारात मी खरे सांगितले. ती म्हणाली, "मग इथं काय करताय? जा, हसून या." मी पुन्हा बस पकडून गेलो. चित्रीकरणाच्या आवारात फक्त चौकीदार होता. त्याच्यासमोर उभा राहून हसलो. तो घाबरून म्हणाला, "काय झालं, साहेब?" मी म्हटले, "काही नाही. मेलो होतो." त्यानंतर त्या चौकीदाराने मला कधी प्रवेशपत्र विचारले नाही.

एवढी प्रस्तावना पुरे. आता वाटणी.

कलम पहिले : घर. लोक म्हणायला मरमर मरून घर उभे करतात. मी खरोखरच केले. पुढची खोली गोळ्या खाऊन, मधली विषप्रयोगाने आणि स्वयंपाकघर दीर्घ आजाराने झालेले आहे. हे घर माझा मुलगा (घरचे नाव राजा) आणि त्याची थोरली बहीण, माझी मुलगी (घरचे नाव मुकी, कारण बोलते कमी) यांचे समसमान राहील. राजा व सूनबाई हल्ली येथे राहतात, त्यांनी तसेच राहावे. मुकीने त्यांना उठवू नये; ती उठवणारही नाही, पण मृत्युपत्रात असे लिहिल्याने लिहिणाऱ्याला न्यायाधीश झाल्याचे समाधान मिळते.

घराला एक अट आहे. पुढच्या खोलीतील माझी तसबीर उतरवावी. मालिकांतील सर्वांत स्वस्त मरण तसबिरीचे असते. नट लागत नाही, खिळा लागतो. आमच्या एका निर्मात्यांनी माझी एकच तसबीर तीन मालिकांत टांगली. एकाच वेळी मी तीन घरांच्या भिंतींवर मृत होतो. पुढे त्यांपैकी दोन मालिकांतील मुलामुलीचे लग्न जुळवण्याचे त्यांच्या मनात आले. वधू आणि वर दोघेही एकाच मृत पित्यासमोर हात जोडून आशीर्वाद मागत होते. त्यात काही अधर्म आहे, हे निर्मात्यांना मी स्वतः जाऊन सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, मागे फोटो धूसर करतो. पाप दिसणार नाही."

ती मालिका संपल्यावर राजा ती तसबीर घरी घेऊन आला. "फ्रेम सागवानी आहे, बाबा. टाकून द्यायची का?" असे म्हणून त्याने ती काळी चौकट माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर लावली. गेल्या महिन्यात पंखा दुरुस्त करायला वीजतंत्री आला. शिडीवरून तसबिरीकडे पाहून हळहळला.

"आजोबा कधी गेले?"

"अजून आहेत," मी खुर्चीतून म्हटले.

त्याने माझ्याकडे पाहिले, पुन्हा तसबिरीकडे पाहिले. "चेहरेपट्टी अगदी तीच. तुम्ही त्यांचे धाकटे का?"

आतून राजा ओरडला, "राहू द्या हो बाबा, कशाला समजावत बसता!"

वीजतंत्री जाताना चौकटीपुढे हात जोडून गेला. मला नमस्कार केला नाही. तरी राजाने आपल्या हाताने ती उतरवावी. चौकट सागवानी आहे, तिचा आरसा करावा.

कलम दुसरे : बँकेतील शिल्लक. दोघांत सारखी वाटावी. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही, आणि ऐकल्यावर त्यांनाही तसेच वाटेल.

कलम तिसरे : पोथ्या. मी चित्रीकरणाच्या ठिकाणी दोन मरणांच्या मध्ये ज्या वाचल्या त्या सर्व पोथ्या सूनबाईस द्याव्यात. तिने एकही उघडलेली नाही. पण या घरात त्यांवरची धूळ पुसणारी ती एकटी आहे, आणि पुसणाऱ्याचा हक्क वाचणाऱ्याच्या खालोखाल असतो. एका पोथीवर तांबडे डाग आहेत. ते रक्त नव्हे, रंगीत पाक आहे. त्या पानावर वैराग्याचे विवेचन आहे आणि मुंग्यांनी ते जवळजवळ संपवत आणले आहे.

कलम चौथे : चष्मा. जाड काचांचा, मृत्युसमयी वापरावयाचा माझा चष्मा चित्रपटांतील त्या सुप्रसिद्ध नायकास द्यावा, ज्याच्या मांडीवर मी उभ्या हयातीत सर्वाधिक वेळा प्राण सोडला. मी शेवटचे शब्द बोलत असताना तो माझ्या डोळ्यांत खोल पाहत असे, आणि त्याच्या त्या पाहण्याची वर्तमानपत्रांतून फार वाखाणणी झाली. वस्तुस्थिती अशी की तो माझ्या काचेत आपले केस पाहत असे. एकदा दिग्दर्शक मला म्हणाले, "मास्तर, मान जरा डावीकडे टाकून मरा. त्यांना दिसत नाहीये." आता काच त्याच्याकडेच राहू द्यावी, मध्ये माझी अडचण नको. त्याच्यावर माझा राग नाही. राग असता तर आरसा दिला असता. त्यात म्हातारपणही दिसते.

कलम पाचवे : रक्ताच्या गोळ्या. दातांखाली फोडावयाच्या, एक डबी, निम्मी भरलेली. ज्या समीक्षकाने लिहिले की 'चित्रपटात वेळेवर घडणारी एकमेव गोष्ट म्हणजे म्हाताऱ्याचे मरण', त्यास ही डबी सप्रेम भेट द्यावी. चव गोड आहे. दुसऱ्याचे रक्त त्याला नेहमीच गोड लागत आले आहे.

कलम सहावे : माझी आरामखुर्ची. ती माझ्या रंगभूषाकारास द्यावी. आयुष्यभर मी बसलो आणि तो उभा राहिला; आता त्याने बसावे. त्यास एक विनंती आहे. मी गेल्याचे कळताच तो पेटी घेऊन येईल, त्याला राहवणार नाही. त्याने माझ्या ओठांना निळसर छटा देऊ नये, डोळ्यांखाली सावली काढू नये. हे काम या खेपेस निसर्ग करील. बरेवाईट करील, पण अस्सल करील.

कलम सातवे : चेहरा. मृत्युपत्र लिहिण्याचे खरे कारण हे कलम आहे. आधीची सहा कलमे घसा साफ करण्यासाठी होती.

दोन आठवड्यांपूर्वी टाय लावलेले एक गृहस्थ एका निर्मितीसंस्थेकडून आमच्याकडे आले. राजाने त्यांना बोलावले होते. त्यांनी टेबलावर करारपत्र ठेवले. दिव्यांनी वेढलेल्या एका गोल खोलीत मी बसायचे, यंत्राने माझा चेहरा सर्व बाजूंनी टिपून घ्यायचा, आणि मग माझ्या पश्चात तो चेहरा संस्थेने हव्या त्या कथेत वापरायचा. मालमत्तेचे वर्णन असे होते : चेहरा, आवाज, चाल आणि खोकला.

"खोकला वेगळा का?" मी विचारले.

"सर, खोकला तुमची ओळख आहे. तुम्ही खोकलात की घराघरांत लोक समजतात, आता हे जाणार."

"म्हणजे मी गेल्यावरही तुम्ही मला काम देणार."

"कायम, सर."

"आणि काम कसले?"

"तेच, सर. प्रेक्षकांना तुमचं मरण आवडतं."

ज्या फेऱ्यातून सुटण्यासाठी साधू जन्मभर डोळे मिटून बसतात, त्या फेऱ्याचे करारपत्र टाय लावून माझ्या घरी चालत आले होते. मी राजाकडे पाहिले. त्याचा चेहरा उजळला होता. हे मी त्याच्या बाजूने लिहितो : त्याला यात लोभ नव्हता, अभिमान होता. लहानपणापासून त्याने माझे प्रत्येक मरण पाहिले आहे आणि मित्रांच्या बैठकीत तो त्यांच्या नकला करतो. विषाची नक्कल माझ्याहून सरस करतो.

"बाबा, तुम्ही अमर व्हाल," तो म्हणाला.

"अमर म्हणजे जो मरत नाही तो, राजा. हे गृहस्थ म्हणतात की मी मरत राहीन."

"तुम्हाला काही करायचंच नाहीये त्यात. पाठांतर नाही, पहाटे उठणं नाही. तुम्ही फक्त नसायचं!"

मी करारपत्र पुन्हा चाळले आणि त्या गृहस्थांना विचारले, "प्रत्येक मरणानंतर हसणार कोण?"

"सॉरी, सर?"

मी रीत समजावून सांगितली. त्यांनी आदराने ऐकले, पाने उलटली, आणि म्हणाले, "सर, हसण्याचा यात समावेश नाही."

मुकी तेव्हा खिडकीशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्याविषयी एक गोष्ट येथे सांगतो. ती लहान असताना माझ्या थोरल्या बहिणीने आम्हांला न विचारता तिला चित्रपटाला नेले. पडद्यावर मला गोळी लागली, मी पडलो, नायकाने माझ्या काचेत केस पाहिले. तेवढ्यात ही पोर खुर्चीवर उभी राहून ओरडली, "बाबा, हसा! हसा ना, बाबा!" आईला ती दारात रोज ऐकत असे, त्यामुळे पुढे काय व्हायला हवे हे तिला ठाऊक होते. पण तो तुकडा तर कापलेला. सारे चित्रपटगृह खो खो हसले, फक्त मी हसलो नाही. घरी आल्यावर तिने माझे ओठ बोटांनी दोन्ही बाजूंना ओढून पाहिले. त्यानंतर तिने माझे एकही काम पाहिलेले नाही. नातेवाईक तिला शिष्ट म्हणतात. म्हणोत.

त्या दिवशी तिने हातातली चादर खाली ठेवली.

"राजा, बाबांचं मरण मी अजून एकदाही पूर्ण पाहिलेलं नाही. एक मला पाहावंच लागणार आहे. तेवढं एकच असू दे."

"अगं ताई, पण ते खोटं असतं..."

"तुला खोटं वाटतं, कारण तू सगळी पाहिलीस. मला एकसुद्धा खोटं वाटत नाही."

टायवाले गृहस्थ अत्यंत सौजन्याने म्हणाले की घाई नाही. हयातीत माझी सही चालेल, आणि नंतर वारसांची. मग घड्याळाकडे न पाहता माझ्या चेहऱ्याकडे पाहत पुढे म्हणाले, "आम्ही थांबू, सर." राजा त्यांना पोहोचवायला खालपर्यंत गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

म्हणून लिहितो. माझा चेहरा, आवाज, चाल आणि खोकला, त्यांच्या छबी, प्रतिमा आणि आज ज्यांना नावही नाही अशी त्यांची सर्व पुढील रूपे, यांवरील संपूर्ण हक्क मी माझी मुलगी मुकी हिला एकटीला देतो. तिच्या सहीवाचून कोणी मला पुन्हा मारू नये. हा हक्क ज्याने माझी मरणे सर्वांत जास्त पाहिली त्याला मिळावा, असे व्यवहार सांगेल. मी तो जिला एकही बघवले नाही तिला देतो. राजा, यात तुझा अपमान नाही. तू उत्तम प्रेक्षक आहेस. पण घराच्या चाव्या कोणी प्रेक्षकाकडे देत नाही. तुझ्या नकला तू खुशाल चालू ठेव. त्या झाल्यावर तू स्वतः हसतोस, म्हणून त्यांना माझी हरकत नाही. विष घेताना मात्र डावा हात गळ्याकडे जरा उशिरा ने.

कलम आठवे व शेवटचे : प्रत्यक्ष प्रसंग. तो कोठे, केव्हा, हे ठरवणारा दिग्दर्शक वर आहे आणि त्याने संहिता कोणाला दाखवलेली नाही. म्हणून फक्त आपल्या हातातल्या गोष्टी लिहितो. फार माणसे बोलावू नयेत. वाद्ये नकोत, मी आजवर व्हायोलिनशिवाय मेलेलो नाही, एकदा शांततेत मरून पाहू द्या. कोणी माझ्या अंगावर स्वतःला झोकून देऊ नये. शेवटचे शब्द काय होते असे लोक विचारतील, तर काही नव्हते असे सांगावे. सगळे शब्द मी आधीच इतरांनी लिहिलेले वापरून टाकले आहेत.

डॉक्टरांनी नळी लावावी, पण लगेच मान हलवू नये. माझ्या श्वासाची खोड त्यांना माहीत आहे. त्यांनी जरा थांबावे.

थांबण्याचे आणखी एक कारण आहे. माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी रुग्णालयात गेली. मंडळी रडत होती, आणि मी तिच्या उशाशी उभा राहून तिच्या ओठांकडे पाहत होतो. परिचारिका हळूच म्हणाली, "आजोबा, चला आता." मी म्हटले, "थांबा, बाई. अजून ती हसली नाही." देह नश्वर आहे आणि आत्मा कोठे जात नाही, हे मला त्या वेळीही मुखोद्गत होते. एक अक्षरही विसरलो नव्हतो. तरी मी थांबलो. शेवटी मुकीने माझा हात धरला तेव्हा निघालो. घरी आल्यावर दार मी स्वतःच उघडले, आणि कोणी काही विचारले नाही.

तेव्हा मुकी, माझ्या वेळी तू जवळ ये आणि लहानपणी म्हणालीस तसे एकदा म्हण, "बाबा, हसा." जमले तर मी हसेनच, एवढ्या वर्षांची सवय आहे. नाही हसलो, तर हे खरे आहे असे समजावे. मग कोणीही, अगदी प्रेमानेसुद्धा, "पुन्हा एकदा" म्हणू नये.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी आमच्या डॉक्टरांना नेमतो. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. पडद्यावर काही केली होती, त्यांतील हवेल्या आणि चहाचे मळे कोणी मागू नयेत.

स्थळ : राहते घर, पुढची खोली, तसबिरीसमोरची खुर्ची.
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२४, शनिवार, दुपार.

(सही)
मृत्युपत्र करणार, उर्फ मरणमास्तर

आम्ही खाली सह्या करणार लिहून देतो की वरील मृत्युपत्र मास्तरांनी आम्हांस मोठ्याने वाचून दाखवले व आम्हां दोघांच्या देखत त्यावर सही केली. त्या वेळी ते पूर्ण शुद्धीवर होते. सही होताच त्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवले व डोळे मिटले. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या मुलीने "हसलात का?" असे विचारले. मास्तर हसले. आमच्या समक्ष हसले.

साक्षीदार पहिला : (सही) रंगभूषाकार
साक्षीदार दुसरा : (सही) डॉक्टर

ता. क. : साक्षीदारांच्या सह्या होत असताना मास्तरांचे चिरंजीव राजा यांनी स्टुलावर चढून समोरच्या भिंतीवरील तसबीर उतरवली. खिळाही काढला. हेही आमच्या समक्ष झाले.